बाहेरचं कुलूप

"आवाज कसा आला होता गं?" कोर्टाच्या समुपदेशक बाईंनी विचारलं.

"खट्ट," गोटी म्हणाली. "आईने मला खोलीत कोंडलं. बाहेरून कुलूप लावलं. मग ती गेली. मी खूप ओरडले." आणि पाच वर्षांच्या त्या पोरीच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहायला लागलं.

तिची आई खुर्चीतून ताडकन उठली. "लाज नाही वाटत? कधी कोंडलं मी हिला?"

"मला काय विचारतेस? पोर सांगतेय," गोटीचा बाप म्हणाला आणि पायावर पाय टाकून बसला.

त्याचं कुलूप-किल्लीचं दुकान होतं. तो 'खट्ट' त्याच्याच डोक्यातला. बायको घर सोडून गेली तेव्हाच त्याने ठरवलं होतं, काय वाट्टेल ते होवो, पोर हिला मिळू द्यायची नाही. तीन महिने रोज जेवण झालं की तो गोटीला मांडीवर घ्यायचा आणि तेच ते घोकून घ्यायचा. पहिल्या महिन्यात ती म्हणायची, "असं नाही झालं, बाबा." तो म्हणायचा, "झालंय. तू लहान होतीस, विसरलीस." दुसऱ्या महिन्यात तीच विचारायला लागली, "मग मी रडले का?" तिसऱ्या महिन्यात तर कमालच झाली. त्याने न सांगितलेलंही ती सांगू लागली. आईची पिवळी ओढणी म्हणे दाराच्या फटीत अडकली होती.

आज बाईंनी ती ओढणी कागदावर लिहून घेतली. असलं काही कोणी पढवत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्याला मनातून गुदगुल्या होत होत्या.

महिन्याभरात निकाल लागला. मुलगी बापाकडे. आईला महिन्यातून दोन तास, तेही तिसऱ्या माणसासमोर. बाहेरच्या जिन्यात तिने त्याला गाठलं.

"मी जवळ घ्यायला गेले तर ती मागे सरकली. मला बघून! तू बघितलंस ना?"

"बघितलं की," तो म्हणाला. "तेवढंच तर बघायला आलो होतो."

घरी आल्यावर त्याने शीळ घालत बूट भिरकावले. एक बूट खाटेखाली गेला. काढायला वाकला, तर आत भलताच संसार मांडलेला. पाण्याची भरलेली बाटली, बिस्किटांचे दोन पुडे, घडी घातलेला स्वेटर आणि आठ दिवसांपासून दुकानातून गायब झालेली त्याची बॅटरी.

"अगं ए गोटे, सहलीला निघालीस की काय?" तो खो खो हसला.

गोटी हसली नाही. तिने त्याच्या हत्यारांच्या पिशवीतून एक कुलूप काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"बाबा, बाहेरून लावलं की हे आतून कसं उघडायचं?"

"नाही उघडत गं. वीस वर्षं हाच धंदा करतोय, मला विचार. आतल्या माणसाचा हातच पोचत नाही तिथे."

तिने जरा वेळ विचार केला. मग स्वयंपाकघरात जाऊन आणखी एक बाटली भरून आणली आणि पहिलीच्या शेजारी नीट लावून ठेवली.

"हे सगळं कशाला गं?"

"तू जाशील तेव्हा लागेल ना," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा माझ्याकडे पाणीसुद्धा नव्हतं."