मागच्या रांगेतला ट्युबा

शेवंताचा सगळा राग त्या ट्युबावर होता. लूमची ड्युटी संपली की तिचा नवरा लहानू बँडमध्ये जायचा आणि वरातीत सगळ्यांच्या मागे तो अवजड पितळी भोंगा वाहायचा. लोक नाचायचे ते मात्र क्लॅरिनेटवाल्याभोवती. घरी आला की भोंगाच पुसत बसायचा. तिने पाठीमागून कितीही हाका मारल्या तरी ओ म्हणून द्यायचा नाही.

आज ती तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बँडात एवढी वाद्यं हायेत, तुमाला हाच मेला कशाला लागतो?"

लूमच्या खडखडाटात कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघतात, तसा तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"हा छातीत वाजतो," तो म्हणाला. "बाकीचं काय मला ऐकू येत न्हाय. तुजं पन न्हाय."