एकशे चाळीस कुंड्या

"कुंड्या कुठायत?" अण्णांनी विचारलं.

सत्तरी आली तरी थोरल्या भावाने प्रश्न विचारला की चिंतामणीला अजून फळ्यापाशी उभं केल्यासारखं व्हायचं. परळमधल्या त्या नव्या इमारतीच्या मागच्या भिंतीकडे तो नुसता बघत राहिला. चार मजली भिंत, आणि खालपासून वरपर्यंत नेचे, मनीप्लांट, आणखी कसले कसले वेल. त्याच्या लेकीने, जुईने केलेल्या सिमेंटच्या कुंड्यांपैकी एक दिसेल तर शपथ.

अण्णांना त्याने मुद्दाम हिंदमाताहून टॅक्सीत घालून आणलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका बारशात, चार नातेवाइकांदेखत अण्णा म्हणाले होते, "इंजिनिअर होऊन पोरगी कुंड्या करते?" तेव्हा चिंतामणीने ते हसण्यावारी नेलं होतं. पण ते वाक्य तो विसरला नव्हता. आज एकदाचं अण्णांना दाखवून द्यायचं होतं.

"होत्या ना. बसवल्या तेव्हा मी स्वतः मोजल्यात. एकशे चाळीस." तो छत्रीच्या टोकाने पानं बाजूला सारू लागला.

काय काय झालं होतं त्या कुंड्यांपायी. ठाकूरद्वारच्या घरात मोरीशेजारी जुईने पहिली ओतली, ती साच्यातून निघताना दुभंगली. दुसरी धड निघाली, पण उचलायला दोन माणसं लागली. असलं धूड भिंतीवर टांगणार कोण? मग वाळू कमी केली, काथ्याचे बारीक तुकडे घातले, पुन्हा फुटली, पुन्हा ओतली. तेविसावी कुठे हलकी आणि अभंग हातात आली. साच्याला आतून खोबरेल लावायचं काम पहिल्या दिवसापासून चिंतामणीचं. काठ असा गुळगुळीत यायचा की त्यावरून हात फिरवत बसावं. तो काठ अण्णांना दाखवायचा होता.

"बाबा, छत्री आवरा. मुळं दुखावतील," शिडीवरून जुई म्हणाली. ती पाण्याची नळी तपासत होती.

"अगं, एक तरी मोकळी ठेवायचीस. लोकांना कळणार कसं तू काय केलंस ते?"

"मोकळी कशी ठेवू? कुंडी दिसली म्हणजे तिथलं झाड गेलं. आठवड्यातून एकदा मी तेच शोधायला येते."

"मग? आज सापडली?"

"तीन महिन्यांत नाही सापडली."

हे बोलून ती पुन्हा नळीकडे वळली, जणू काही विशेष सांगितलंच नाही. चिंतामणीने छत्री खाली घेतली. मान वर करून तो एकेक मजला बघत गेला. चौथ्या मजल्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा ऊर भरून आला होता.

"काय रे?" अण्णा म्हणाले. "एवढं टॅक्सी करून आणलंस, एक तरी दाखव."

"नाही दाखवत," चिंतामणी म्हणाला. "तूच शोध. शिडी हवी तर शिडी घे. एकही सापडायची नाही तुला."