तासाला एक थाप

"मासे कधीच झोपत नाहीत," दीपगृहवाले आजोबा अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणाले, आणि सगळ्या वर्गानं कान टवकारले.

या तासाचा नियम पोरांना पाठ होता. तासाला एक थाप असायचीच. ती कुठली, हे पुढच्या आठवड्यापर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघून शोधायचं. आणि खरं काय ते सापडलं की आपल्यापाशी दडवून ठेवायचं नाही. ज्याच्या उपयोगी पडेल त्याला देऊन टाकायचं.

आजोबांची उभी हयात दीपगृहाचा दिवा सांभाळण्यात गेली होती. निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आले, त्याच सुमारास शाळेनं आसपासच्या लोकांना विनंती केली होती, की ज्याच्याकडे जे असेल ते त्यानं आठवड्यातून एक तास मुलांना द्यावं. शिंपीणबाई शिवण शिकवू लागल्या, नर्सताई मलमपट्टी. आजोबा मुख्याध्यापक बाईंना म्हणाले, "माझ्याकडे थापा आहेत. चालतील?"

बाईंना तो विनोद वाटला आणि तिथंच त्या फसल्या.

माशांच्या थापेपायी सलूनवाल्याचं दुकान भरून गेलं. त्याच्या काचेच्या टाकीला पोरं नाकं चिकटवून बसली. गिऱ्हाइकं उभी. बऱ्याच वेळानं एक तांबडा मासा तळाशी जाऊन ढिम्म झाला. डोळे सताड उघडे, पण काचेवर टिचकी मारली तरी हलेना. "झोपला!" अशी एकच आरोळी उठली आणि एका सद्गृहस्थाची अर्धी मिशी वस्तऱ्याखाली गेली. पण त्या दिवसापासून सलूनवाला दुकान बंद करताना टाकीवरचा दिवा आठवणीनं मालवू लागला.

"बाबा, एरवी तुम्हाला शर्टाच्या बटणांची शुद्ध नसते," सूनबाई म्हणायच्या. "तासाच्या दिवशी मात्र कडक इस्त्री!"

"अगं, थापेला नीटनेटकं राहावं लागतं. खऱ्याचं काय, ते कसंही खपतं."

हसून बोलायचे, पण तेवढ्या एका तासासाठी आजोबा उरलेला आठवडा ढकलत होते, हे सूनबाईंना ठाऊक होतं.

मग शाळा समितीचे अध्यक्ष भाषणाला आले. "बालमित्रांनो," ते गरजले, "संकट आलं की शहामृग वाळूत डोकं खुपसतं. तुम्ही तसं करू नका!"

पहिल्या रांगेतून एक हडकुळी मुलगी उठली. वर्ग तिला मिरची म्हणायचा.

"सर, ही आजची थाप का?"

सभागृह खदखदून हसलं. अध्यक्ष हसले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी आजोबांना बोलावून घेतलं. बाई म्हणजे सरळ रेघ. त्या खोटं बोलल्याचं शाळेत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आजारपणाची रजासुद्धा त्या खरोखर आजारी पडल्यावरच घेत.

"अध्यक्षांना मी शब्द दिलाय. यापुढे तुम्ही वर्गात एकही थाप मारायची नाही."

"मग मी वर्गात करू काय? खडू खाऊ?"

"उद्या या. निव्वळ खरं सांगा. मी मागच्या बाकावर बसणार आहे."

आजोबांनी मान डोलावली. थापेवाचून आपला तास कसला? निरोपाचा तास मिळाला, हेच पुष्कळ, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरं सांगितलं. दीपगृहाचं भिंग हत्तीच्या वजनाचं असतं, पण ते पाऱ्यावर तरंगतं आणि एका बोटानं फिरवता येतं. दिवसा त्याला पडदे लावावे लागतात, नाहीतर ऊन भिंगातून येऊन आग लागायची. प्रत्येक वाक्याला मिरची डोळे बारीक करी. मागच्या बाकावर बाई हाताची घडी घालून बसल्या होत्या.

घंटा झाली तशा बाई उभ्या राहिल्या. "मुलांनो, आजोबांचा हा शेवटचा तास होता."

आजोबांनी खडू फळ्यापाशी ठेवला आणि कुणाकडे न बघता ते निघाले.

पुढच्या आठवड्यात त्या वेळेला ते घरीच होते. खिडकीतून शाळा दिसायची, म्हणून खिडकीला पाठ करून बसले होते. सूनबाईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

एवढ्यात दारावर धडाधडा थापा पडल्या. उघडून बघतात तर अख्खा वर्ग! पुढे मिरची, सगळ्यात मागे बाई.

"आजोबा," मिरचीला धाप लागली होती, "आम्ही भिंगानं ऊन धरलं तर बाकाला भोक पडलं. म्हणजे पडद्याचं खरं. प्रयोगशाळेतल्या ताईंनी पाऱ्यात लोखंडी खिळा टाकला, तो तरंगला. म्हणजे तेही खरं. तुमचं एकूण एक वाक्य खरं निघालं!"

"निघणारच, पोरी. त्या दिवशी थाप नव्हतीच."

"असं कसं? तासाला एक थाप असतेच. तुमचं सगळं खरं, तर मग वाक्य उरलं कुठलं?"

आजोबा आठवू लागले.

"बाईंचं!" वर्ग एका सुरात ओरडला.

"'आजोबांचा हा शेवटचा तास होता,'" मिरचीनं हुबेहूब बाईंच्या आवाजात म्हणून दाखवलं. "हीच थाप! आणि सापडलेलं खरं देऊन टाकायचं असतं, म्हणून द्यायला आलोय. चला लवकर, तास सुरू झालाय."

आजोबांनी मुलांच्या डोक्यांवरून बाईंकडे पाहिलं.

"बाई... तुम्ही? आणि थाप?"

"तुम्ही मारायची नाही, असा मी शब्द दिला होता ना," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मग तासाची थाप कुणीतरी मारायला नको?"