कुंपणाच्या आतली फुलं

एदुविनाबाई पोटावर आडव्या झाल्या होत्या. कॅमेरा रेतीला टेकवून त्या एका लाल फुलाच्या आत डोकावत होत्या, तेवढ्यात त्यांच्यासमोर दोन बूट येऊन थांबले.

"उठा बाई. ही खासगी जागा आहे."

"वारा पडू दे जरा." वारा पडला, बाईंनी बटण दाबलं आणि मग त्या उठून बसल्या. "हं, आता बोल."

बूट नोल्बेर्तोचे होते. तो याच खोऱ्यातला, नदीकाठच्या गावचा. आता अंगावर खाण कंपनीच्या पहारेकऱ्याचा गणवेश होता.

"कार्ड काढून द्या. आत काढलेला एकही फोटो बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा हुकूम आहे."

"तुझ्या लग्नाचे फोटो मी काढले, नोल्बेर्तो. तीनदा तोंड पुसायला लावलं होतं, इतका घामाघूम झाला होतास. आज बरा ताठ उभा आहेस."

"कार्ड, बाई."

बाईंनी दिलं.

वायेनार गावात त्यांनी चाळीस वर्षं फोटोचं दुकान चालवलं होतं. लग्नं, बारशी, पासपोर्ट. स्वतःसाठी मात्र त्या फक्त फुलांचे फोटो काढायच्या. तेही माळ फुलेल तेव्हाच, आणि आताकामाच्या वाळवंटातला हा माळ सात वर्षांत फुलला नव्हता. यंदा जुलैत दोनदा पाऊस झाला आणि सप्टेंबरात क्षितिजापर्यंत जांभळा, पिवळा, पांढरा रंग पसरला. मधूनच सिंहपंजाचं लाल फूल जमिनीलगत पेटल्यासारखं दिसायचं.

याच माळावर कंपनीला खाणीचा गाळ टाकायचा होता. 'इथे गवताची काडीही उगवत नाही,' असं तिच्या अहवालात छापलं होतं. पाहणी कोरड्या वर्षी केलेली. हरकत घ्यायला शुक्रवारी दुपारपर्यंत मुदत होती, आणि हरकतीला पुरावा हवा होता: जागा आणि तारीख दिसेल असा. पहिली कळी दिसली त्याच आठवड्यात कंपनीने माळाला तारेचं कुंपण घातलं.

नोल्बेर्तोने खिशातून कंपनीचा फोन काढला आणि बाईंवर रोखला.

"हे काय?"

"घुसखोरीचा पुरावा. जागा, तारीख, वेळ, सगळं फोटोवर छापून येतं. मागाहून नाही म्हणता यायचं नाही."

"नाही म्हणतंय कोण?" बाईंनी टोपी सरळ केली. "पण सूर्य पाठीशी घेऊन काढ. डोळे मिटलेले आले तर मी ओळख पटू देणार नाही."

तो हसला नाही. "पुन्हा आलात तर न्यायालयात उभं राहावं लागेल."

"उद्या येते."

बुधवारी त्या शेळ्यांच्या वाटेने आल्या, कुंपणाखालून सरपटत. कोपर खरचटलं. पण आत आल्यावर त्यांना कशाचंच भान राहिलं नाही. पिवळ्या फुलांत एक भुंगा झोपला होता, त्याच्या अंगावर धुक्याचे थेंब होते. अर्धा तास त्या त्याच्यापाशीच होत्या.

"कार्ड," मागून आवाज आला.

"घे. माझ्याकडे अजून आहेत."

"किती?"

"तुमच्या कुंपणाला तारा आहेत तितकी."

त्याने पुन्हा त्यांचा फोटो काढला आणि वाट दाखवली. कुंपणाशी पोचल्यावर बाईंनी मागे वळून पाहिलं. तो अजून तिथेच वाकलेला होता.

"तिथं काय करतोस रे?" त्या ओरडल्या.

"तुम्ही किती फुलं तुडवलीत ते बघतोय. नुकसानीचीही नोंद लागते."

"फुलं कंपनीची कधीपासून झाली?"



गुरुवारीही तसंच झालं. तिसरं कार्ड गेलं आणि वर शुक्रवारी सकाळचं समन्स हातात पडलं. रात्रभराचं धुकं विरत होतं. बाईंनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. "तुझी आई असती तर तुला दारात उभं केलं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या.

न्यायालयाची खोली लहान होती. राजधानीतून आलेल्या कंपनीच्या वकिलाने दंड मागितला आणि माळावर पाऊल ठेवायला कायमची बंदी मागितली.

न्यायाधीश बाईंनी चष्मा नीट केला. "आत गेला होतात?"

"गेले होते. तीनदा. सोडलंत तर आजही जाईन."

"कशासाठी?"

"फुलं बघायला. फोटो काढायला. त्यांच्या अहवालात त्या फुलांना जागाच ठेवलेली नाही."

"फोटो आहेत?"

"नाहीत. यांनी काढून घेतले." एदुविनाबाईंनी नोल्बेर्तोकडे पाहिलंसुद्धा नाही. "पण मी खोटं बोलत नाही."

वकील किंचित हसला. "महोदया, त्या जागेवर वनस्पतीच नाही. तज्ज्ञांनी तसं लिहून दिलंय. प्रश्न फक्त घुसखोरीचा आहे, आणि त्याचा पुरावा आमच्या पहारेकऱ्याने दिला आहे." त्याने एक जाडजूड पाकीट पुढे सरकवलं. "प्रत्येक फोटोवर जागा, तारीख, वेळ. कंपनीला यातला प्रत्येक फोटो मान्य आहे. तशी सहीही केली आहे."

न्यायाधीश बाईंनी पाकीट फोडलं. पहिले फोटो त्यांनी भराभर उलटले. मग त्यांचा हात सावकाश चालू लागला.

"हे सगळे तुम्ही काढलेत?" त्यांनी नोल्बेर्तोला विचारलं.

"हो."

"कुंपणाच्या आत?"

"आत. एकूण एक. शपथेवर सांगतो."

त्या वकिलाकडे वळल्या. "तुम्ही पाहिलेत हे?"

"वरचे दोन-तीन पाहिले. बाई स्पष्ट दिसतात."

"दिसतात," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "एकशे चौदा फोटो आहेत. बाई फक्त पहिल्या तीन फोटोंत आहेत."