भोक कुठे पाडायचं?

इतक्या कमी उपग्रहांत सरोवराकाठच्या तिन्ही देशांवर चोवीस तास छत्र धरता येणार नाही, रोज थोडा वेळ कुठेतरी भोक पडणारच, हे सांगून सांगून उपग्रहांच्या कक्षा आखणाऱ्या नबविरेचा घसा बसला होता. पण काठावरच्या किसुमू शहरात भरलेल्या तिन्ही देशांच्या बैठकीत ऐकतंय कोण?

"आमच्या डोक्यावर नको," पहिल्या देशाचे साहेब म्हणाले. तिने आराखड्यात कक्षा बदलल्या.

"अहो बाई, आता आमच्यावर आलं की!" दुसऱ्या देशाचे साहेब ओरडले. तिने पुन्हा बदलल्या. तिसरे तर तावातावाने उठलेच.

शेवटी वैतागून तिने भोक सरोवराच्या मधोमध नेऊन ठेवलं.

"हां, हे झकास! पाण्यात कोण राहतंय?" तिघेही खूश होऊन तळलेल्या माशांकडे वळले.

"साहेब," नबविरे म्हणाली, "हे उपग्रह आपण बुडत्या होड्यांची हाक ऐकायलाच सोडतोय ना?"