डावी बाजू

१९८७च्या दिवाळीनंतर धुळ्याच्या अभिमन पाटलांनी आपली जुनी मॉरिस द्वारकेच्या प्रवासासाठी तयार करून घेतली. टायर नवे बसवले, रेडिएटर धुतला. तरी रिकामी गाडी डावीकडे झुकत होती.

"स्प्रिंग नवी शे, भाऊ," हिलाल मिस्त्री म्हणाला. "तरी पुढं कोनी बसेल शे, अशी झुकस."

अभिमन हसले. "झुंबर तिथंच बसायची. गाडीला सवय झाली असेल."

झुंबरबाई म्हणजे त्यांची वारलेली पहिली बायको. दुसरी, मंजुळाबाई, पूजेचं ताट घेऊन शेजारीच उभी होती. लग्न झाल्यापासून या गाडीत ती कायम मागे बसत आली होती.

तिने बॉनेटला कुंकू लावलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मग नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली.

"आज मी पुढे बसणार," ती म्हणाली आणि डावं दार उघडून बसली.

गाडीची डावी बाजू हळूच वर आली. गाडी सरळ झाली.

"बघा, उतरली तुमची झुंबर," मंजुळाबाई म्हणाली.

अभिमन स्टिअरिंगमागे येऊन बसले. हिलाल वाकून मागची चाकं बघत होता.

"वहिनी, मागं कोनी शे का?"

तिने वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

तेवढ्यात अभिमनच्या बाजूच्या मागच्या चाकाखाली लिंबू फुटलं. गाडी जागची हलली नव्हती. किल्ली अजून मंजुळाबाईच्या मुठीत होती.

अभिमननी समोरचा आरसा जरासा वळवला.

"बसलीस नीट?" त्यांनी आरशात बघून हळूच विचारलं.