चक्कीवाल्याचा नंबर

फोन चालू झाला आणि नंदकिशोर हसायलाच लागला.

"काकू, हा तं माह्याच दुकानातला फोन! दोन हजार बाराचा. अजून सांभाळून ठेवला?"

वच्छलाबाईंनी नुसती मान हलवली. सांभाळला कसला, कपाटात पडून होता. सदाशिवराव जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तेरवीला हार घालायला घरात त्यांचा धड एक फोटो सापडेना. होता तो या फोनमध्ये, मुलाच्या लग्नातला, फेटा बांधलेला. म्हणून त्या सकाळच्या बसनं नेरला आल्या होत्या. फोटो मोठा करून घ्यायचा आणि परत फिरायचं. नवऱ्यासाठी याहून जास्त काही करायची त्यांची तयारी नव्हती.

बारा वर्षं त्या या माणसाशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. ताट वाढत, पाणी ठेवत, आजारपणात पायही चेपले. पण जे सांगायचं ते आधी मुलाच्या, पुढे सुनेच्या तोंडून. "त्याईले म्हण, जेवाले बसा." आणि ते असत समोरच, दोन हातांवर बसलेले. मुलानं, गोपालनं पाया पडून पाहिलं. बाई बधल्या नाहीत.

कारण हाच फोन. मुलगी निशिगंधा आपल्या मनानं लग्न करून सुरतेला गेली, तेव्हा सदाशिवरावांनी घरात तिचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. वच्छलाबाईंनी लेकीचा नंबर 'चक्कीवाला' या नावानं ठेवला. नवरा शेतात गेला की त्या चक्कीवाल्याला फोन लावत आणि लावल्याची नोंद पुसून टाकत. पोरगी स्वतःहून कधी लावत नसे. बापानं उचलला तर? तिला सातवा महिना लागला आणि एके दिवशी फोनमधून चक्कीवाला गायब. गोपाल तेव्हा यवतमाळला होस्टेलवर. घरात माणसं दोन. मग पुसला कोणी?

"म्या नाही पुसला," सदाशिवराव म्हणाले. महिनाभर म्हणत राहिले. देवाची शपथ घेतली. मग एका बाजाराच्या दिवशी नेरहून आले आणि त्यानंतर त्यांनी ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. फोनलाही हात लावला नाही. वाजला तर लांबूनच हाक मारायचे. चोरानं कबूल केलं, असं वच्छलाबाईंनी धरलं. तिकडे पोरीचं पहिलं बाळंतपण परक्या शहरात, आईविना झालं. पुढे दोन वर्षांनी येणंजाणं सुरू झालं. बापानं नातवाला खांद्यावर घेऊन सारं गाव दाखवलं. पण लेक कळा देताना आई आई करत होती, हे वच्छलाबाईंच्या मनातून गेलं नाही. जाणार तरी कसं?

"काय दिवस होते काकू," फोनमध्ये फोटो शोधता शोधता नंदकिशोर बोलत होता. "लोकं बटणाचे फोन सोडून नुकतेच अँड्रॉइडवर आल्ते. त्याच्या व्हर्जनाले नावं बी मिठाईचे! पण ॲप टाकाचं म्हटलं का ई-मेल पाहिजे. आन् इथं कोणाजवळ ई-मेल? मंग मी काय केलं, पहिले चाळीस फोन माह्या एकट्याच्या ई-मेलवर चालू करून देल्ले. हा बी त्यातलाच."

"मंग?"

"मंग काय, तमाशाच झाला. चाळीस घरचे नंबर एका जागी जमा. याचा साळा त्याच्या फोनमंधी, त्याची सासू याच्या फोनमंधी. अनोळखी नाव दिसलं का लोकं पुसून टाकत. आन् एकानं पुसलं का चाळीसही फोनमधून साफ!"

तो खदखदून हसला. वच्छलाबाई हसल्या नाहीत. या फोनमध्ये कितीतरी परकी नावं असायची. नवऱ्याच्या ओळखीतली असतील, असं त्या समजत होत्या.

"चक्कीवाला बी गेला असन?"

नंदकिशोरचं बोट थांबलं.

"चक्कीवाला... थांबा काकू. काकाजी आल्ते ना एकडाव, हाच फोन घेऊन. चक्कीवाल्याचा नंबर वापस आणून दे म्हणे, कसंबी कर. मी म्हटलं, एवढं काय काकाजी, दुसऱ्या चक्कीवर दळून आणा. तं उठेच ना. दुपारभर इथंच स्टुलावर बसून राह्यले."

ज्या नंबरसाठी बारा वर्षं त्यांनी नवऱ्याला वाळीत टाकलं, तो नंबर मागायला तो इथं येऊन बसला होता. लेकीचा नंबर.

"तू त्याईले सांगतलं काय, हे चाळीस फोनचं?"

नंदकिशोर आता हसत नव्हता.

"दुकान नवीन होतं काकू. बोंब झाली असती. मी म्हटलं, तुमच्याच हातून पुसल्या गेला असन. टचचा फोन आहे, बोट कुठंबी लागते, समजत नाही."

"मंग? काय म्हणे ते?"

फोटो सापडला होता. फेटा बांधलेले सदाशिवराव काचेवर उजळून उभे होते. वच्छलाबाईंनी तिकडे पाहिलं नाही.

नंदकिशोरनं आवाज खाली आणला. "बराच वेळ आपले बोटं पाहत राह्यले. मंग उठले, अन् जाता जाता म्हणे, 'तं मंग तिचंच बरोबर आहे, बाप्पा.'"